चौदा नंबरचा कोरडा डबा

पंपवाल्याने आपल्या वेल्डर साडूच्या मनगटावर पाना हाणला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. वेळ पक्की आहे, कारण अपघाताच्या अहवालात ती चार ठिकाणी लिहावी लागते. पाना हातभर लांब होता, व्हॉल्व्ह फिरवायचा. आवाज फार मोठा झाला नाही. जुन्या खुर्चीचा पाय मोडावा इतपत. वेल्डरने आधी मनगटाकडे पाहिलं, मग साडूकडे पाहिलं आणि म्हणाला,

“अरे गाढवा, उजवा आहे तो!”

जणू डाव्याबद्दल त्याची काही तक्रार नसती.

मग तो मारायला लागला. डावा हात, दोन्ही गुडघे आणि कपाळ एवढं त्याच्याकडे शिल्लक होतं, आणि ते त्याने जराही काटकसर न करता वापरलं. कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी कपाटांच्या दोन रांगा होत्या. मधल्या तीन फुटांत दोन संसारी माणसं एकमेकांना कपाटांवर आपटत होती. पंपवाल्याचा समोरचा दात निघून मोरीच्या जाळीवर पडला. त्याचं त्याला फारसं दुःख झालं नाही, कारण तो खोटाच होता. खरा दोन वर्षांपूर्वी याच वेल्डरने जिन्यात पाडला होता.

फोरमन धावत आला. त्याने दोघांच्या कॉलरी धरून दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं.

“कपडे बदलायची खोली आहे ही! काय चाललंय?”

“याने माझा हात मोडला,” वेल्डर म्हणाला.

“का?”

“मला काय माहीत? त्याला विचारा. सज्जन माणूस आहे, खरं सांगेल.”

पंपवाल्याने दाताच्या खिंडारातून जीभ फिरवली. “घरगुती आहे,” तो म्हणाला.

फोरमनला एकदम बरं वाटलं. अहवालात ‘कारण’ या रकान्यात तीनच पर्याय होते: तांत्रिक, मानवी आणि कौटुंबिक. तांत्रिकला अकरा पानं जोडावी लागत. कौटुंबिकला काहीच लागत नसे.

पण कारण घरगुती नव्हतं. कारण होतं चौदा नंबरचा डबा.

अणुभट्टीत जळून झालेलं इंधन आधी काही वर्षं खोल पाण्यात ठेवतात. जरा निवलं की पोलादी डब्यात भरतात, पाणी उपसतात, उरलासुरला ओलावा पंपाने ओढून काढतात, सगळी झाकणं वेल्ड करतात आणि डबा पुढच्या पिढ्यांच्या हवाली करतात. पुढच्या पिढ्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. डबा मात्र आतून पुरता कोरडा हवा. इंधन जळून झालं म्हणजे त्याचा राग गेला असं होत नाही. आत दोन तांबे पाणी राहिलं तरी किरण त्याला चोवीस तास मारहाण करतात, इतकी की पाणी पाणी राहत नाही, फुटतं. त्यातून हायड्रोजन सुटतो आणि झाकणाखाली साठत जातो. हायड्रोजन स्वभावाने गरीब. एक ठिणगी पडेपर्यंत तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो.

कोरडेपणाची परीक्षा पंपवाल्याच्या हातात होती. डब्यातली हवा ओढायची, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि अर्धा तास दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. आत पाणी असेल तर त्याची वाफ होते, काटा चढतो. काटा हलला नाही तर फॉर्मात लिहायचं, ‘कोरडा’, आणि खाली सही. यात एकच मेख आहे. हवा टप्प्याटप्प्याने ओढायची असते. घाईघाईने एका दमात ओढली तर पाणी इतकं गारठतं की त्याचा बर्फ होतो, आणि बर्फाला अर्धा तास गुपचूप बसायला काहीच कष्ट पडत नाहीत.

अकरा महिन्यांपूर्वी पंपवाल्याला घाई होती. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्याने चौदा नंबरची हवा एका दमात ओढली. काटा अर्धा तास शहाण्यासारखा बसून राहिला. सही करताना त्याचं लक्ष गेलं: नळीचा पितळी कोपरा पांढराफटक पडला होता. त्याने तो बाहीने पुसला. बाही ओली झाली. मग त्याने लिहिलं, ‘कोरडा’.

आपल्या भाषेत कोरडा म्हणजे न भिजलेला, आणि कोरडा म्हणजे चाबूकसुद्धा. त्या दिवसापासून तो शब्द त्याच्या पाठीवर दुसऱ्या अर्थाने पडत होता.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. पण त्याच्या वर्षभर आधी काय झालं होतं, तर वेल्डरने एका शिवणीची तपासणी न करताच ‘पाहिली, ठीक आहे’ अशी सही ठोकली होती, आणि पंपवाल्याने तत्त्वाचा प्रश्न म्हणून ते वर कळवलं होतं. वेल्डरची बढती गेली. पंपवाल्याचा दात गेला. दोघी बहिणी चार महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. सासूबाई मात्र येईल त्याला सांगत, “माझा थोरला जावई म्हणजे सोनं. मेला तरी खोटी सही करणार नाही.” हे त्या धाकट्या जावयाला वाढता वाढता सांगत. साडू एकमेकांना पाण्यात पाहत होते; आता त्यातल्या एकाने पाणीही पाहिलं होतं, आणि त्याबद्दल तो अवाक्षर काढायला तयार नव्हता.

डबा तसाच राहिला असता तर गोष्ट पुढच्या पिढ्यांवर गेली असती. पण दुपारी चार वाजता तपासणी अधिकारी येणार होते, आणि आदल्या दिवशी साहेबांनी बॅटरी घेऊन सगळे डबे स्वतः पाहिले होते. चौदा नंबरच्या झाकणावर बशीएवढी एक चकती होती. पंपाची नळी काढल्यावर भोक झाकायला ती वेल्ड केलेली असते. तिची शिवण साहेबांना वाकडी वाटली.

“गळते का?” फोरमनने विचारलं होतं.

“गळत नाही. दिसते.”

म्हणून हुकूम निघाला: चकती कापा, नवी बसवा, शिवण सरळ मारा. कापण्याआधी वायू तपासणी करावी असा नियम आहे. पण त्याच नियमाच्या पोटात लिहिलंय, की डब्याची नोंद ‘कोरडा’ असल्यास तपासणी लागू नाही. नियम लिहिणाऱ्याचा माणसांच्या सह्यांवर विश्वास होता. बहुधा नवीन असावा.

पंपवाल्याने सकाळी आठ वाजता फोरमनकडे गॅस मीटर मागितलं होतं.

“कशाला?”

“सहज.”

“सहज मीटर मिळत नाही. सहज चहा मिळतो.”

मग तो कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि साडूला समजवायला लागला.

“आज रजा टाक.”

“का? तू मरतोयस का?”

“तब्येत बरी दिसत नाही तुझी.”

“तुझं तोंड पाहिलं की अशीच दिसते.”

“चौदा नंबर दुसऱ्या कुणाला तरी करू दे रे.”

वेल्डरने हातमोजा घालता घालता थांबून त्याच्याकडे पाहिलं. “हां. आत्ता पेटली बत्ती. साहेबांच्या कानात तूच घातलंस ना, शिवण वाकडी म्हणून? अकरा महिने ऐकतोय मी ते. वाकडी, वाकडी. घरी आलास तरी पोळपाटाकडे बघून हसतोस. ही शिवण मीच मारली, मीच कापणार आणि मीच सरळ करणार. तू फक्त बघ.”

पंपवाल्याच्या पुढे दोन मार्ग होते: एक शब्द खोडायचा किंवा एक हाड मोडायचं. हाड मोडायला सोपं वाटलं. साडू गेला की धाकटी रडेल, थोरली प्रश्न विचारेल, सासूबाई डोळे बारीक करून बघतील, इथपर्यंत त्याची कल्पनाशक्ती पोचली होती. वेल्डर एकच नसतो हे तिच्यात बसलं नव्हतं.

साडेदहाला फोरमनने मामांना बोलावलं.

मामा हे कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, वेल्डिंगच्या मुखवट्याखाली वाचायचा चष्मा, आणि एकतीस वर्षांत कुणावर आवाज चढवलेला नाही. पंपवाल्याला अजून कुणी घरी पाठवलं नव्हतं. कौटुंबिक मारहाणीचा निर्णय साहेब दुपारच्या जेवणानंतर घेत. मामा आर्गॉनचं सिलिंडर ढकलगाडीवर घालून ग्राइंडर खांद्याला अडकवून येत होते. पंपवाल्याने त्यांना बोळात गाठलं.

“मामा, नका ना जाऊ.”

“अरे, अर्ध्या तासाचं काम. आलोच. मग चहा घेऊ. दात कुठाय तुझा?”

“मामा, मी पाया पडतो.”

“पाया कसला पडतोस? बाजूला हो, गाडीचा ब्रेक लागत नाही.”

पंपवाल्याने सिलिंडरची साखळी सोडली. सिलिंडर पुरुषभर उंच आणि माणसापेक्षा थोडं जड असतं. ते आधी कलंडलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि मामांच्या डाव्या पायावर आलं. बुटाला पोलादी टोक होतं. सिलिंडर टोकाच्या मागे पडलं. तीन बोटं.

मामा खाली बसले. “का रे बाळा?” एवढंच म्हणाले. पंपवाल्याला वाटलं, दुसराही दात पडला असता तर बरं. मग वेदना पायातून वर पोचली आणि मामांनी एकतीस वर्षांचा साठा बाहेर काढला. पंपवाल्याच्या घराण्यातलं कुणीही सुटलं नाही. तोवर तीन पहारेकरी आले. दोघांनी पंपवाल्याला जमिनीवर पाडलं, तिसरा त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसला आणि दंडुक्याने बरगड्या मोजू लागला. चौथी मोडल्यावर त्याचा मोजणीतला रस गेला.

प्रथमोपचाराच्या खोलीत सिस्टर वेल्डरच्या हाताला फळी बांधत होत्या. मामांना खुर्चीवरून आणलेलं पाहून त्या फोरमनला म्हणाल्या, “तिसऱ्याला थेट स्ट्रेचरवरूनच कामाला पाठवा. येण्याजाण्याचा त्रास कशाला?”

फोरमनने अहवाल भरला. कारण: कौटुंबिक (मामा).

दुपारी दोन वाजता पंपवाला फोरमनच्या केबिनमध्ये खुर्चीवर होता. हात मागे वायरच्या पट्टीने बांधलेले, डावा डोळा मिटलेला, श्वास अर्ध्यावर अडकणारा. समोर फोरमन टेबलाच्या खणातून स्वतःचे चामड्याचे हातमोजे काढत होता. फोरमन एके काळचा वेल्डर. परवाना अजून चालू होता आणि शिवण सरळ मारायचा.

“तुम्ही कुठे निघालात?” पंपवाल्याने विचारलं.

“चौदा नंबर. वेल्डर संपले. मला मारायचं असेल तर आधी खुर्चीसकट उभं राहावं लागेल तुला.”

पंपवाल्याने खरंच प्रयत्न केला. खुर्चीसकट आडवा पडला. फोरमनने त्याला सरळ केलं. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्याला सकाळपासून वाटत होतं. कुठे, एवढंच त्याने विचारलं नव्हतं.

“डबा ओला आहे,” पंपवाला जमिनीकडे बघून म्हणाला.

“कुठला?”

“चौदा. आत पाणी राहिलंय. अकरा महिने झाले. चकतीखाली हायड्रोजन असणार. ग्राइंडर लावू नका.”

फोरमनने कपाटातून फाइल काढली, पान उलटलं आणि त्याच्या उघड्या डोळ्यासमोर धरलं. “काय लिहिलंय?”

“कोरडा.”

“सही कुणाची?”

“माझी.”

“मग?”

“खोटी आहे.”

तेवढ्यात वेल्डर आत आला, गळ्यात हात अडकवून. पोलिसांना बोलवा म्हणून सांगायला आला होता. फोरमनने त्याला फॉर्म दाखवला. “तुझा साडू म्हणतो, त्याने खोटी सही केली.”

वेल्डर हसला. हसताना त्याचा हात दुखला, तरी हसला. “हा? याने खोटी सही केली असती तर माझी बढती का गेली असती? अहो, याची आरती रोज ऐकतो मी. हा मेला तरी खोटी सही करणार नाही. डोक्यावर पडलाय, नाहीतर मला अजून कशात तरी गोवतोय.”

“खोडा ते,” पंपवाला म्हणाला. “आत्ता खोडा आणि ओला लिहा. मग मीटर लावावंच लागेल.”

“खोडायला तीन सह्या लागतात. पंपवाला, वेल्डर, फोरमन. आणि तपासणीवाले चारला येतायत.” फोरमनने मोजे घातले. “माणूस प्रामाणिक आहेस, तेवढाच राहा.” दार आपटून तो गेला.

वेल्डरने साडूच्या तोंडात डाव्या हाताने एक ठेवून दिली. डावरा नसल्यामुळे ती कानावर बसली. “मामांनी काय केलं होतं तुझं?”

“तूही मेला असतास, तेही मेले असते,” पंपवाला म्हणाला. नाकातून रक्त येत होतं आणि दाताच्या खिंडारामुळे शब्द फुसफुसत होते. “आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी हवा एका दमात ओढली. नळीचा कोपरा पांढरा पडला. मी बाहीने पुसला.”

“कुठला कोपरा?”

“पितळी. चकतीच्या वरचा.”

वेल्डर दुसरी द्यायला हात उगारून उभा होता. हात तसाच राहिला. अकरा महिन्यांपूर्वीचं ते भोक त्याला आठवलं. नळी काढल्यावर त्याने चकती ठेवली, वेल्डिंगचा टॉर्च लावला, आणि धातू तडतडायला लागला. कढईत ओलं काही पडावं तसं रसाचे थेंब बाजूला उडत होते. त्याने तीनदा पुसलं, तीनदा वाळवलं, तरी शिवण सापासारखी गेली. तेव्हापासून सगळे म्हणत होते, हात गेला याचा.

“म्हणून शिवण वाकडी आली,” तो म्हणाला.

“हो.”

“माझा हात बरोबर होता.”

“हो.”

“अकरा महिने!” त्याने उगारलेली ती दुसरी दिली, कारण ती देणं लागत होता, आणि मग धावत सुटला.

डब्यांची शेड तिथून दोनशे पावलांवर होती. वेल्डर पुढे, मागे खुर्ची पाठीला घेऊन कमरेत वाकलेला पंपवाला, त्याच्या मागे तीन पहारेकरी. दारातूनच ग्राइंडरचा आवाज येत होता. फोरमन लोखंडी शिडीच्या माचीवर, झाकणावर ओणवा, ठिणग्यांचा पिसारा त्याच्या गुडघ्यांवर पडत होता. चकतीच्या अर्ध्या घेरात खोल खाच पडली होती, अजून आरपार गेली नव्हती.

“बंद करा! ओला आहे!”

ऐकू जाणं शक्य नव्हतं. वेल्डर एका हाताने शिडी चढला, फोरमनचा पट्टा मागून धरला आणि सगळं अंग मागे टाकलं. फोरमनने वळून कोपर हाणलं. ते वेल्डरच्या ओठावर बसलं. त्याच क्षणी चीर आत पोचली. आधी शिट्टी वाजली, बारीक, कुणी लांबून बोलावल्यासारखी. मग धप्प.

ज्वाळा जवळजवळ दिसलीच नाही. हायड्रोजनला दिखावा आवडत नाही. अर्धी कापलेली चकती बिजागरीवर उघडावी तशी उलटली, तुटली आणि छताचा दिवा फोडून गेली. फोरमनचा मुखवटा वितळून गालाला चिकटला, भुवया गेल्या आणि डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग ग्राइंडरच्या फुटलेल्या पातीने नेला. चेहरा झाकणावर असता तर फॉर्म फारच छोटा भरावा लागला असता. तो आणि वेल्डर एकमेकांना मिठी मारल्यासारखे शिडीवरून खाली आले, वेल्डर खाली, फोरमन वर. वेल्डरचं गळ्यातलं मनगट पुन्हा मोडलं, या वेळी दोन ठिकाणी. पंपवाल्याला स्फोटात काहीही झालं नाही. त्याचं सगळं आधीच झालं होतं.

डब्यातलं इंधन जागचं हललंही नाही. चकती मात्र दिव्याच्या काचांत पडली होती, आणि तिच्या खालच्या अंगावर पाण्याचे थेंब होते. हायड्रोजन जळला की त्याचं परत पाणीच होतं. ज्याला अकरा महिने मारून मारून फोडलं होतं ते घरी परत आलं होतं.

चार वाजता तपासणी अधिकारी वेळेवर आले. साहेबांनी त्यांना सांगितलं की शिवणीचं काम चालू आहे.

पाच वाजता प्रथमोपचाराच्या खोलीत चार खाटांवर चौघे होते आणि सिस्टर एकट्या. साहेबांनी चौदा नंबरचा फॉर्म तीन सह्यांसाठी पाठवला होता. तिन्ही सह्या झाल्या नाहीत तर डब्याची नोंद ‘कोरडा’च राहणार होती. कोरड्याला वायू तपासणी लागू नाही. आणि भोक बंद करायला बाहेरून दोन वेल्डर उद्या सकाळी आठला येणार होते. आत पाणी अजून होतंच.

पंपवाल्याच्या हातांची पट्टी कापली होती. त्याने ‘कोरडा’वर एक रेघ मारली, बाजूला ‘ओला’ लिहिलं आणि सही केली. अकरा महिन्यांपूर्वीपेक्षा ती फार वेडीवाकडी आली. फोरमनने तोंडावरच्या बँडेजमधून विचारलं, “कुठे?” सिस्टरनी त्याचं बोट जागेवर ठेवलं. त्याने सही केली. मामांना सहीचा अधिकार नव्हता. त्यांनी पलीकडच्या खाटेवरून नवीन आठवलेली एक शिवी जोडली.

मग पंपवाला बरगड्या धरून साडूच्या खाटेपाशी आला.

“सही कर.”

“न पाहिलेल्यावर मी सही करत नाही,” वेल्डर म्हणाला. त्याचा ओठ सुजला होता, पण तो सकाळपासून पहिल्यांदाच खुशीत दिसत होता. “मागे एकदा केली होती. आठवतंय ना, सोनं?”

“उद्या दोन माणसं येतायत रे. अनोळखी.”

“मग आज घरी चल. जेवायला सगळे बसतील. आईंसमोर, दोघी बहिणींसमोर सांगायचं. पहिल्यापासून. पांढरा कोपरा, बाही, सगळं. आणि शिवण का वाकडी आली तेही. सांगून झालं की मी तिथेच, ताटावरच सही करतो.”

“आईंना दिसत नाही नीट. त्यांना धक्का बसेल.”

“ऐकू येतं त्यांना.”

खाटेशेजारच्या ट्रेमध्ये सिस्टरची कात्री होती, आणि प्लास्टर कालवायचं भांडं होतं, जड, चिनी मातीचं. पंपवाल्याने भांड्याकडे पाहिलं. मग साडूच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो चादरीवर मोकळा पडला होता, अजून धड होता.

मग त्याच्या लक्षात आलं की सही त्याच हाताने व्हायची आहे.

“किती वाजता जेवता तुम्ही?” त्याने विचारलं.